पोटरीतला गहू

संक्रांत होऊन आठवडा उलटला होता, तरी खडकेवाडीच्या शिवारात सकाळी पायाला दव लागत नव्हतं. भीमसेन कांबळेनं सायकल बांधाला टेकवली आणि तो नागोजी पाटलांच्या गव्हात शिरला. पँटचे पाय कोरडेच राहिले. दरवर्षी या दिवसांत गव्हातून एक फेरी मारली की गुडघ्यापर्यंत भिजायला व्हायचं.

वाकून त्यानं एक ताट उपटलं आणि अंगठ्याच्या नखानं देठ उभा चिरला. आत फिकट हिरवी, बोटाएवढी ओंबी पानांच्या घडीत गुंडाळून बसलेली. गहू अजून पोटरीतच होता. पलीकडं पाटाच्या खालच्या बाजूला भावकूच्या रानात मात्र ओंब्या कधीच बाहेर पडल्या होत्या. त्यातला दाणा चिमटला की बोटावर पांढरं दूध यायचं.

एकाच पाटावरचा, एकाच वाणाचा गहू, आणि त्यांच्यात महिन्याभराचं अंतर. त्या अंतराला भीमसेन स्वतः कारण होता.

तो शेतकी खात्यात सहाय्यक होता. निपाणीत आई तानीबाई विड्या वळायची. विड्यांच्या मजुरीवर तिनं त्याला धारवाडला शिकायला पाठवलं होतं. तीन वर्षांपूर्वी, ब्याऐंशी साली, नोकरी लागल्यावर खडकेवाडीत बुटका गहू त्यानंच आणला. त्याआधी इथं खपली असायची, जुन्या वाणाचा गहू. ती जमिनीतल्या ओलीवर यायची, थोडी यायची, पण कुणाकडं काही मागायची नाही. नवा गहू तिप्पट पिकायचा. मात्र त्याला दोन गोष्टी लागायच्या, पाणी आणि थंडी. पाण्याची सोय माणसांनी केली. ओढ्यावर बांध होताच, पाच घरांनी मिळून डिझेल इंजन घेतलं, पाट खणला. थंडीची सोय कुणी करायची असते, हा विचार कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

यंदा पाऊस लांबला आणि नागोजींचा भुईमूग उशिरा निघाला. रान मोकळं होईतो बाकी चौघांचा गहू वीतभर झाला होता. तेव्हा नागोजींनी याच बांधावर विचारलं होतं, "भीमसेन, आता गहू पेरू का खपली टाकू?"

"पेरा की आप्पा. थंडी माघापतोर असती," भीमसेन म्हणाला होता.

खात्याच्या कन्नड पत्रकात तसंच छापलं होतं. त्याला स्वतःलाही तसंच वाटलं होतं. आणि यंदा थंडी आली ती चार दिवस पाहुणी आल्यासारखी. पौषातच पूर्वेकडून कोरडं वारं सुटलं. एका पाण्यावर पंधरवडा काढणारा गहू आठवड्यात पानं गुंडाळायला लागला. दिवस तर तापायचाच, पण रात्रीही अंगावर पांघरूण नको व्हायचं.

भीमसेन ओढ्याकडं गेला. बांधाच्या वरच्या डोहात भावकू गुडघाभर चिखलात उभा राहून इंजनाचा पाइप आणखी आत ढकलत होता. पन्नाशीचा, काटक माणूस. इंजन सगळ्यांचं असलं तरी त्याची देखभाल भावकूच करायचा.

"बघितलास?" तो म्हणाला. "परवा ह्या दगडाला पानी हुतं. आज दगुड उघडा पडलाय. रोज उतरालंय. आपन उपसत न्हाय त्या दिवशीबी उतरालंय."

"ऊन पितंय अण्णा. आन् खालची भुई."

"पाळी पुरंल काय?"

भीमसेननं डोहाच्या कडेनं एक फेरी मारली. मधे एक काळा खडक होता. त्या खडकाच्या खालचं पाणी जनावरांसाठी ठेवायचं, असा गावाचा जुना रिवाज. खडकापर्यंतचं पाणी त्यानं नजरेनं मोजलं, पुन्हा मोजलं. पाची रानांना पाजायचं तर प्रत्येकाला निम्मंच मिळणार, आणि निम्मं पाणी या वाऱ्यात नुसतं वर वर ओल दाखवून उडून जाणार. फक्त खालच्या चार रानांना दिलं तर मात्र एक पाणी पोटभर मिळणार होतं.

"चौघांना पुरंल," तो म्हणाला. "पाचांना न्हाय."

भावकूनं चिखलाचे हात पुसले. "मग झालं तर. पाट वरनं येतोय. पयली पाळी नागोजीआप्पाची. मरनार ती शेवटची, मनुबाई."

मनुबाई विधवा होती. पाटाच्या शेपटाला तिचं दीड एकर रान. आजवर तिच्या वाट्याला नेहमी उरलेलं पाणी आलं होतं, आणि यंदा सगळ्यात भरदार ओंबी तिच्याच रानात होती.

"पाळी बदलाय पायजे," भीमसेन म्हणाला.

भावकूनं पाइप पुन्हा हातात घेतला. "त्यांस्नी कोन सांगनार?"

---

नागोजी पाटील सोप्यावर बसून सुपारी कातरत होते. साठी ओलांडलेली, पण बसणं ताठ. पंचवीस वर्षांचा मुलगा मष्णू खांबाला टेकून उभा. भीमसेन पायरीशी थांबला. तीन वर्षं तो या पायरीपर्यंत येत होता. वर कुणी बोलावलं नव्हतं आणि त्यानंही कधी पाय उचलला नव्हता. नागोजींची बायको जयाबाई आतून चहाचा पेला घेऊन आली, पायरीवर ठेवून तिथंच दाराआड उभी राहिली.

धीर सुटायच्या आत बोलून टाकावं म्हणून भीमसेननं थेटच सांगितलं, "आप्पा, ह्या पाळीला तुमच्या गव्हाला पानी द्यायचं न्हाय."

अडकित्ता थांबला. "कुनाच्या?"

"तुमच्या."

"काय बोलायलास कळतंय काय तुला?" मष्णू खांब सोडून पुढं आला.

"बोलू दे त्याला," नागोजी म्हणाले.

भीमसेन बोलला. खालच्यांचा दाणा दुधात आहे. त्याला आता एक पाणी मिळालं तर दाणा भरेल आणि संपलं, मग त्याला काही नको. तुमचा अजून पोटरीत. तो निसवणार, फुलणार, मग भरणार. त्याला अजून तीन पाणी लागतील, आणि डोहात धड एक आहे. तुम्हाला दिलेलं पाणी पानांत जाईल. ऊन असंच वाढलं तर ओंबी बाहेर येईल ती पोकळ. तुमचा गहू जातोच आहे. तो जाताना बाकी चौघांचा घेऊन जाईल.

"पेरा म्हनून कोन म्हनलं हुतं?" नागोजींनी विचारलं.

"मीच."

"आन् आता सोडा म्हनून?"

"तेबी मीच."

"बरं. मी पानी सोडतो. खालच्या चौघांचा भरतोयच, अशी खात्री देतोस?"

दाराआडच्या जयाबाईच्या बांगड्या किंचित वाजल्या. भीमसेनला वाटलं, इथं हो म्हटलं तर काम होईल.

"न्हाय आप्पा. वारं आनी वाढलं तर त्यांचाबी वाळंल. पर त्यास्नी वाट हाय. तुमच्याला न्हाय."

"खात्रीबी द्यायची न्हाय आन् रानबी मारायचं!" मष्णू ओरडला. "ह्येच्या मायला, ह्याचं काय जातंय? ह्येला सरकार पगार देतंय."

"बाकी चौघं खळ्यावर वाटा देत्याल," भीमसेन म्हणाला. "मी बोलतो त्यांच्यासंगं. वैरन तुमची तुमास्नी ऱ्हाती, हिरवी कापली तर..."

"म्हंजे पाटलानं पाटी घिऊन चार खळी हिंडायची." नागोजींचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. "माझ्या बानं ह्यो बांध घातला. पयली पाळी आमची, ती कुनाच्या मेहरबानीनं न्हाय. सोमवारी पाळी हाय. त्या वक्ताला बघू. जा तू."

भीमसेन निघाला. चहा पायरीवर तसाच राहिला होता.

---

निपाणीच्या घरी तानीबाई सुपात तंबाखू आणि पानं घेऊन बसली होती. बोटं आपली आपण वळत होती, डोळे लेकाकडं होते. त्यानं सगळं सांगितलं.

"बदली माग," ती म्हणाली.

"आई, पेरा म्हनून मीच सांगितलंय."

"गव्हाचं सांग, खताचं सांग. पान्याच्या पाळीत पडू नगंस. पान्यापायी आपल्या मानसांनी काय सोसलंय ते तू पुस्तकात वाचलंस. मला पाठीवर ठाऊक हाय." तिनं विडीला दोरा गुंडाळला. "निपाणीला यायच्या आदी त्याच वड्याला, बांधाच्या खाली, आमी घागरी घिऊन बसायचो. वर म्हशी धुवून झाल्या की मग पानी. आन् आज तू त्या बांधावर हुबं ऱ्हाऊन पाटलाला सांगनार, पानी कुनी घ्यायचं?"

"मग मनुबाईचा गहू वाळू दे म्हनतीस?"

तानीबाई वळत राहिली. विड्यांचा एक कट्टा बांधून झाला, दुसरा घेतला.

"सोमवारी जानार तर जा," अखेर ती म्हणाली. "पर खोऱ्याला हात लावू नगंस. हातात खोरं असलं की मानूस नुसतं बोलून थांबत न्हाय."

सोमवारपर्यंतच्या तीन दिवसांत भीमसेन चारी घरं हिंडला. मनुबाई लगेच म्हणाली, "देतो की वाटा. बिनपान्याचं माझ्याजवळ काय हाय?" मधली दोन घरं कां कूं करून तयार झाली. भावकूनंही मान हलवली, पण नजर दुसरीकडं ठेवून. आणि वारं थांबलं नाही. रविवारी दुपारी मनुबाईच्या रानात भीमसेननं ओंबी चोळली तर दाणा हाताला किंचित सैल लागला. दूध अजून होतं. फार तर दोन-चार दिवस राहणार होतं.

---

सोमवारी उन्हं वर येताच भावकूनं इंजन सुरू केलं. आवाज ऐकून सगळे पाटाकडं आले. पाणी पाटात उतरलं, तोंडाशी काडीकचरा आणि फेस घेऊन पुढं सरकलं. पाट नागोजींच्या रानाला लागूनच जायचा. तिथं पाणी रानात वळवायचं मातीचं दारं होतं, आणि त्या दाऱ्यावर मष्णू खोरं घेऊन उभा होता.

नागोजी बांधावर बसले होते. हो नाही काही न बोलता.

पाणी आलं तसं मष्णूनं दोन घाव घालून दारं फोडलं आणि उपसलेली माती पाटात आडवी टाकली. खालच्या अंगाला जाणारी धार तुटली. पाणी नागोजींच्या रानात वळलं. भेगाळलेली जमीन ते प्यायला लागली, सूं सूं असा बारीक आवाज येत होता.

रिकाम्या पाटातून मनुबाई चालत वर आली. डोक्यावरचा पदर घामानं चिकटलेला. ती रडत नव्हती, भांडतही नव्हती. "आप्पा," एवढंच म्हणाली. नागोजी जमिनीकडं बघत राहिले.

"मष्णू, दारं बांध," भावकू डोहाकडून ओरडला. "नायतर इंजन बंद करतो."

"करून बघ! पाळी आमची हाय!" मष्णूनं खोरं आडवं धरलं. मधल्या घरांतले दोघं पुढं सरकले; त्यांच्याही हातात खोरी होती. पाटाचा काठ अरुंद होता. एकानं मष्णूच्या खांद्याला ढकललं, मष्णूनं खोऱ्याच्या दांड्यानं त्याला मागं रेटलं. तो पाटात घसरला, उठला तो शिवी देतच. त्याच्या हातातलं खोरं वर गेलं होतं.

भीमसेन दोघांच्या मधे शिरला. हात रिकामे, दोन्ही बाजूंना पसरलेले.

"मष्णू, तुझा गहू मीच मारलाय. माझ्यावर काढ काय काढायचं ते. पर पानी जाऊ दे."

"तू बाजूला हो. पान्याला तुझा हात लागायचा न्हाय." मष्णूचा श्वास फुलला होता. "तुमची जागा बांधाच्या खाली. वर कुनी बोलीवलं तुला?"

इंजनाचा धडधडाट तेवढा राहिला. मष्णूचं खोरं भीमसेनच्या छातीपासून हातभर अंतरावर होतं, आणि ते हिसकावून घ्यायला त्याचा हात अर्धा उचललाही होता. आईचं बोलणं आठवलं की भीती वाटली, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. हात खाली आला. पण तो जागचा हलला नाही.

"मारायचं तर मार," तो म्हणाला.

तेवढ्यात मागं गव्हात खसखस झाली.

जयाबाई दुपारची भाकरी घेऊन आलेली होती. बुट्टी बांधावर ठेवून ती कधी रानात उतरली, कुणी पाहिलं नव्हतं. लुगड्याचा काचा मारून, घोट्यापर्यंत आलेल्या पाण्यात उभी राहून ती विळ्यानं हिरवा गहू कापत होती. मूठ धरायची, खसकन ओढायची, मागं टाकायची. दाऱ्याजवळचा सगळ्यात हिरवा तुकडा तिनं आधी घेतला होता.

"आई! काय करायलीस?" मष्णू खोरं टाकायचं विसरून तसाच वळला.

"वैरन कापाय लागलोय."

"डोस्कं फिरलंय काय तुझं? पानी पाजालोय त्याला!"

"पाज की. कापलेल्याला किती पाजतोस बघू." ती थांबली नाही. "रोज हितं खुरपायला मी असतो. ही ओंबी बाहीर येत न्हाय, आली तर करपून येती. म्हस आटलीया, गोठ्यात काडी न्हाय. माझ्या जनावरांच्या पोटात तरी जाऊ दे."

"आप्पा, सांगा की हिला!"

नागोजी उठले. जयाबाई आता पहिल्यांदा उभी राहिली आणि नवऱ्याकडं बघून, सगळ्यांसमोर, म्हणाली, "तुमच्या तोंडातनं हो निघायचं न्हाय, ठाऊक हाय मला. म्हनून मी कापतो. तुमी न्हाय म्हनला न्हाईसा, हो म्हनला न्हाईसा. बायकूनं इस्कोट केला म्हना चार लोकांत."

तिच्या हातातल्या हिरव्या मुठीतून पाणी गळत होतं. नागोजी त्या मुठीकडं किती तरी वेळ बघत राहिले. मग पाटाजवळ आले, मष्णूच्या हातातलं खोरं धरलं. मष्णू सोडेना. बापलेक क्षणभर एकच दांडा धरून उभे राहिले. नागोजी म्हणाले, "सोड." मष्णूनं सोडलं.

नागोजींनी पाटातली आडवी माती काढली आणि तीच दाऱ्यात घातली, पायानं चेपली. अडलेलं पाणी एकदम उसळून खाली धावलं.

मष्णू कुणाकडं न बघता बांधावरनं गावाकडं निघून गेला.

---

पाणी शेपटाला पोचवणं हे वेगळंच युद्ध होतं. मागच्या पाळीपासून कोरडा पडलेला पाट जागोजाग फाटला होता, खेकड्यांची बिळं होती. एक भोक बुजवलं की दहा हातांवर दुसरं वाहायचं. खोरी तीनच होती. भीमसेननं चपला काढल्या, विजार वर दुमडली आणि हातानंच चिखल उचलून बिळांत कोंबायला लागला. आता पाण्याला हात लावू नको म्हणणारं कुणी नव्हतं. एका ठिकाणी काठ ढासळला तेव्हा शेजारी वाकलेला माणूस नागोजी आहेत, हे त्याला दोघांचे हात एकाच चिखलात गेल्यावर कळलं. नागोजी म्हणाले, "गवत घाल मधी, नुसता चिखल ऱ्हानार न्हाय." त्यानं गवत घातलं.

भावकूचं रान भरलं. मधली दोन झाली. मनुबाईच्या रानात पाणी शिरलं तेव्हा उन्हं कलली होती आणि इंजन अडखळायला लागलं होतं. पाइपातून मधेच हवा यायची, धार तुटायची, परत लागायची. मनुबाई एकेक वाफा भरून पुढचं दारं मोडत होती. वाफ्याच्या तोंडाशी पाणी येऊन थबकायचं, मग हळूहळू, पाऊल टाकल्यासारखं आत सरकायचं. वरून गरम वारं वाहतच होतं. ओल्या जमिनीवरून वाफ उठल्याचा वास येत होता.

शेवटचे चार वाफे उरले आणि डोहाकडून भावकूची हाक आली, "काळा खडक लागला! काय करू?"

सगळ्यांनी भीमसेनकडं बघितलं. चार वाफ्यांना फार नको होतं. अर्धा तास इंजन चाललं असतं तर झालं असतं. ओढ्याच्या काठाला गुराख्यांनी म्हशी आणून उभ्या केल्या होत्या. भीमसेननं म्हशींकडं बघितलं. सकाळी एकाचा गहू मारला, आता दुसरीचा कोपरा. असं किती वेळा ठरवायचं?

त्याचं ठरायच्या आत मनुबाईनंच हात वर केला. "बंद करा गाऽऽ!" ती ओरडली. "जनावरांचं घिऊ नगासा!"

इंजन थांबलं. कान सुन्न झाले. मनुबाई न भिजलेल्या वाफ्याच्या काठावर बसली आणि पदरानं तोंड पुसू लागली.

---

वारं आणखी आठ दिवस राहिलं. भीमसेन रोज येऊन ओंब्या चोळून बघायचा आणि रात्री त्याला झोप लागायची नाही. खालच्या चौघांचा गहू लवकर पिवळा पडला, नेहमीपेक्षा लवकरच. पण दाणा आला. दरवर्षीसारखा फुगीर नव्हता, थोडा बारीक, पोटाशी सुरकुतलेला. तरी दळून पोळी होईल असा. मनुबाईच्या कोरड्या राहिलेल्या चार वाफ्यांत मात्र ओंबी चोळली की भुसाच उडायचा. पाणी मिळालं नसतं तर सगळं शिवार कसं झालं असतं, ते तेवढ्या तुकड्यात दिसत होतं. नागोजींच्या रानात जयाबाईनं शेंड्याला एक पट्टा न कापता ठेवला होता. त्यातली ओंबी बाहेर आली तीच पांढरी होती.

मळणी झाल्यावर वाट्याचा प्रश्न आला. मनुबाई स्वतः डोक्यावर पोतं घेऊन पहिली आली. मधल्या दोघांनी आणून दिलं. नागोजींना कुठल्याच खळ्यावर जावं लागलं नाही. भावकूनं मात्र ठरल्याच्या निम्मं दिलं आणि वर म्हणाला, इंजनाचं डिझेल मी जाळलं, पाठ माझी मोडली. भीमसेन भांडायला निघाला तर नागोजींनी त्याला अडवलं. "ऱ्हाऊ दे. त्याचाबी दाना बारीकच हाय." पण त्यानंतर नागोजी भावकूच्या दारावरून जाताना हाक मारेनासे झाले.

मष्णू घरी राहिला नाही. बेळगावला गेला, जवळच्या मच्छे गावातल्या एका कारखान्यात कामाला लागला, शहरातल्या खासबाग भागात खोली घेऊन राहिला. सणाला यायचा. आईशी बोलायचा, बापाशी कामापुरतं. भीमसेनला एकदा निपाणीच्या स्टँडवर भेटला. दोघंही थांबले. मष्णूनं विचारलं, "वड्याला पानी हाय काय?" भीमसेन म्हणाला, "हाय थोडं." त्या दिवशी बोललेल्या शब्दाबद्दल मष्णू काही बोलला नाही. भीमसेनही बोलला नाही, पण तो शब्द त्याच्या मनातून गेला नव्हता, आणि जावा असं त्याला वाटतही नव्हतं.

तानीबाईनं सगळं ऐकून एवढंच विचारलं, "खोऱ्याला हात लावलास?"

"न्हाय. चिखलाला लावला."

ती पहिल्यांदा हसली.

पुढच्या कार्तिकात पाची घरांची माणसं बांधावर जमली. रानं तयार होती. बी आलं होतं, बैल पेरणीच्या कुरीला जुंपलेले होते. खात्याचं पत्रकही आलं होतं, त्यात तारखा मागच्याच होत्या. भीमसेननं ते आणलं होतं, पण पिशवीतून काढलं नाही.

नागोजींनी त्याला सगळ्यांदेखत विचारलं, "तर मग? कवा पेरायचं?"

माणसं वाट बघत होती. मनुबाई, भावकू, मधले दोघं. जयाबाई थोडी मागं, बियाच्या पोत्याशी.

"मला ठाऊक न्हाय, आप्पा," भीमसेन म्हणाला. "आधी ठाऊक हुतं. आता थंडी कवा येती आन् कवा जाती, ते मला सांगता यायचं न्हाय. कुनालाच यायचं न्हाय वाटतंय."

भावकू पुटपुटला, "मग तुझा उपेग काय?"

"पानी किती हाय तेवढं बघून पेरूया. डोह बघितलाय मी. पाची रानं बुटक्या गव्हाची झेपायची न्हाईत. प्रत्येकानं निम्म्यात गहू, निम्म्यात खपली नायतर हरभरा. आन् गहू सगळ्यांचा एकाच आठवड्यात. कुनी मागं ऱ्हायचं न्हाय. ज्याचं रान मोकळं झालं न्हाय त्यानं गहू पेरायचाच न्हाय, मग तो कुनीबी असू दे."

"आन् पाळी?" मनुबाईनं विचारलं.

नागोजींनी पाटाकडं बघितलं, मग खाली शेपटाकडं, जिथं मनुबाईचं रान उन्हात मोकळं पडलं होतं.

"ज्याला आधी लागंल त्याला," ते म्हणाले. "ते ह्यो बघून सांगंल. चुकला तर शिव्या देऊ."

मग त्यांनी बैलांच्या कासऱ्याला हिसका दिला आणि कुरी रानात घातली. जयाबाईनं पोत्याचं तोंड सोडून ओटीत गहू घेतला आणि बी सोडायच्या चाड्यावर मूठ धरून ती कुरीमागं चालू लागली.